सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरातल्या पोरांना बुद्ध्यांकाच्या टेस्टसाठी इथंच न्या

पाचपैकी पाच स्टार देतेय. इथल्या मॅडमनी पोराला पहिला प्रश्न विचारायच्या आधी मला विचारलं, घरात कुठली भाषा बोलता?

आम्ही साखर पेठेतले, घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू, शाळा मात्र मराठी. मुलगा दुसरीत आहे. शाळेतनं सांगितलं म्हणून आधी दुसरीकडं टेस्ट केली, तिथं सगळं मराठीतनं विचारलं आणि 'बुद्ध्यांक कमी, आकडे उलटे लिहितो' असा कागद हातात दिला. कांद्याचं चित्र बघून उल्लिगड्डा म्हणाला तर ते चूक धरलं ओ! त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

इथल्या मॅडम तो कागद वाचताना आकड्यांपाशीच थांबल्या. पंचेचाळीसमध्ये पाच आधी ऐकू येतं, तेलुगूत नलभै ऐदु म्हणजे चाळीस आधी, मग पोरगं ऐकलं तसं ५४ लिहून मोकळं होतंय. तेलुगूत सांगितल्यावर माझ्यासमोर बरोबर ४५ लिहिलं. २०१९ ला बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन आणलं तेव्हा लोकांनी केवढी टिंगल केली होती, ते कशासाठी होतं हे मला आत्ता कळलं.

बुद्ध्यांक मोजायची बिने-कामत टेस्ट मराठी-कन्नड मुलांसाठी १९३० च्या दशकात बसवलेली, तेलुगूसाठी नाही, म्हणून नुसत्या त्या आकड्यावर काही ठरवायचं नाही, असं मॅडमनी नीट समजावलं. मग लाकडी आकार खाचेत बसवायचा सेगिन फॉर्म बोर्ड दिला, त्यात बोलायचं कामच नाही, पोरगं भराभर बसवत गेलं. भाषांतराला तेलुगू बोलणारी ताई त्यांच्याकडचीच आहे. माझी मोठी मुलगी भाषांतर करून सांगेल की, असं मी म्हटलं तर मॅडम नको म्हणाल्या, घरचं माणूस नकळत उत्तर सुचवतं आणि बहिणीसमोर पोरगं सगळं बोलत नाही. सासूबाई विड्या वळतात, मराठी समजतं पण मनातलं बोलता येत नाही, त्यासुद्धा ताईशी अर्धा तास बोलल्या, पोरगं कधी बोलायला लागलं ते त्यांनाच आठवत होतं.

रिपोर्टमध्ये कुठला प्रश्न कुठल्या भाषेत विचारला तेपण लिहिलंय. वाचनाचं आत्ताच ठरवत नाही, सहा महिन्यांनी परत बघू म्हणाल्या, घाईनं शिक्का मारला नाही.

ताई फक्त शनिवारी असतात, त्यामुळं नंबर लवकर लागत नाही. कन्नड बोलणारं अजून कोणी नाही, अक्कलकोटकडनं एवढी माणसं येतात, ते लवकर करा मॅडम. नंबर लावतानाच फोनवर घरातली भाषा सांगून ठेवा.