सांगोला आणि बारामती : दीर्घ कारकिर्दीच्या दोन वाटा

गणपतराव देशमुख आणि शरद पवार हे दोघेही साठच्या दशकात विधानसभेत पोहोचले. देशमुख 1962 मध्ये सांगोल्यातून, पवार 1967 मध्ये बारामतीतून. दोन्ही तालुके अवर्षणाशी झगडणारे. पुढच्या वाटा मात्र वेगळ्या.

देशमुखांनी शेतकरी कामगार पक्ष सोडला नाही. 1972 आणि 1995 चे पराभव पचवून ते एकाच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून आले. खांद्याला पिशवी अडकवून एसटीच्या सीटवर बसलेले आमदार ही त्यांची ओळख लोकांना आजही आठवते, आणि ती दिखाऊ नव्हती, हे विरोधकही मान्य करतात. पक्ष आक्रसत गेल्याने त्यांच्या वाट्याला मंत्रिपद दोनदाच आले, हा या निष्ठेचा हिशेब.

पवारांनी पक्ष हे साधन मानले. 1978 मध्ये सरकार पाडून ते अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले, नंतर काँग्रेसमध्ये परतले आणि 1999 मध्ये राष्ट्रवादी स्थापन केली. चार वेळा मुख्यमंत्रिपद, संरक्षण आणि सलग दहा वर्षे कृषी खाते, एवढा पल्ला एका तालुक्यात राहून गाठता आला नसता. पण 2023 मध्ये त्यांचाच पक्ष घरातून फुटला.

गंमत अशी, की 1978 च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल, पवारांच्या नेतृत्वाखालील आघाडी) मंत्रिमंडळात हे दोघे एकत्र होते. सत्तेचा आवाका मोजायचा तर पवार निर्विवाद पुढे आहेत. आमदारकी नावाच्या कामाचा नमुना शोधणाऱ्याला मात्र मी सांगोल्याकडेच पाठवीन.