दोघींच्या प्रेमाचे चित्रपट नौपाड्यात: निवड चोख, प्रक्षेपण सुमार

स्त्री-स्त्री प्रेमावरचे कमी खर्चातले, स्वतंत्र निर्मितीचे चित्रपट चार लोकांत बसून पाहायचे असतील, तर ठाणेकराला आजवर मुंबईच गाठावी लागत होती. समलैंगिक विषयांवरील चित्रपटांचा, २०१० पासून भरणारा ‘कशिश’ महोत्सवही मुंबईचाच. त्यामुळे नौपाड्यातील एका हौशी चित्रपट मंडळाने याच विषयावर छोटी मालिका आखली, तेव्हा दीडशे रुपयांचे प्रवेशमूल्य देताना माझ्या मनात उत्सुकतेइतकीच शंकाही होती. कारण अशा उपक्रमांत ‘समस्याप्रधान’ चित्रपट दाखवून नंतर परिसंवाद उरकण्याची आपल्याकडे रीत आहे.

निवडीपुरती ही शंका खोटी ठरली. सुरुवात रवी जाधव यांच्या ‘मित्रा’ या लघुपटाने झाली. विजय तेंडुलकरांच्या लेखनावर बेतलेली ही कृष्णधवल कलाकृती राष्ट्रीय पुरस्कार मिळवून पुढे २०१५ मध्ये ‘बायोस्कोप’ या चार लघुपटांच्या संचातून चित्रपटगृहांतही आली होती, तेव्हा तिला ‘स्वतंत्र’ म्हणावे का, यावर वाद घालता येईल. परंतु मराठी प्रेक्षकाला विषयाच्या आत नेण्यासाठी अभिनेत्री वीणा जामकर यांच्या चेहऱ्याइतका जवळचा दरवाजा दुसरा नव्हता. त्याला जोडून लिजी पुल्लापल्ली यांचा ‘संचारम’ (२००४) हा मल्याळी चित्रपट दाखवला. वर्गातल्या मुलासाठी डिलायलाला प्रेमपत्रे लिहून देणारी किरण त्या उसन्या नावाआडून स्वतःचेच मन मोकळे करत जाते, ही कल्पना एरवी विनोदी प्रहसनात खपली असती. इथे मात्र पत्राच्या प्रत्येक ओळीबरोबर किरणची पंचाईत वाढत जाते आणि केरळमधल्या गावातली हिंदू व ख्रिस्ती घरे फारसा आवाज न चढवता दोघींभोवती आवळत जातात.

मालिकेचा कळस मात्र डोना डाइच यांचा ‘डेझर्ट हार्ट्‌स’ (१९८५). अमेरिकेतील नेवाडा राज्यात सहा आठवडे राहिले की घटस्फोट मिळत असे, म्हणून १९५९ मध्ये रीनो गावात उतरलेली इंग्रजीची प्राध्यापिका व्हिव्हियन आणि तिथल्या जुगारघरात काम करणारी केय यांची ही गोष्ट. समोरून येणाऱ्या मोटारीतल्या माणसांशी बोलता यावे म्हणून केय आपली उघडी गाडी भरधाव उलटी हाकत त्यांच्या बरोबरीने नेते, तेवढ्या एका प्रसंगात ही मुलगी कोणाला जुमानणारी नाही हे कळते, आणि बाजूच्या गाडीत अंग चोरून बसलेल्या व्हिव्हियनचे पुढे काय होणार याचाही अंदाज येतो. शेवट सांगत नाही. तो रेल्वेच्या फलाटावर घडतो आणि त्यात कोणालाही मरावे लागत नाही, एवढे सांगितले तरी या प्रकारचे चित्रपट पाहत आलेल्यांना त्याचे मोल कळेल.

अशा चित्रपटांत निम्मे प्रेम नजरेत आणि न बोललेल्या वाक्यांत असते, आणि नेमके तिथेच मंडळ कमी पडले. सभागृहाची जमीन सपाट, खुर्च्या प्लास्टिकच्या आणि पडदा खाली लावलेला. परिणामी तिसऱ्या रांगेपासून पुढच्यांच्या डोक्यांआड सबटायटलची खालची ओळ जात होती. मल्याळी संवाद आणि त्यांचे अर्धेच दिसणारे इंग्रजी भाषांतर अशा कात्रीत सापडलेल्या दोन ज्येष्ठ भगिनी मध्यंतरात निघून गेल्या, त्याचे मला नवल वाटले नाही. कथानकाचा मराठी सारांश एका पानावर छापून दारात दिला असता तरी निभावले असते. छताचे पंखे चालू ठेवले की कुजबुज ऐकू येत नाही आणि बंद केले की ठाण्याचा उकाडा सोसवत नाही. याला उपाय चांगल्या ध्वनिक्षेपकाचा आहे आणि तो खर्च प्रवेशमूल्य पन्नास रुपयांनी वाढवून केला तरी कोणी कुरकुर करणार नाही.

व्यवस्थेतली एक गोष्ट मात्र मोठ्या चित्रपटगृहांनीही उचलावी अशी होती. नोंदणीसाठी आडनाव विचारले जात नव्हते आणि प्रेक्षकांची छायाचित्रे काढू नयेत ही सूचना सुरुवातीला व मध्यंतरानंतर अशी दोनदा दिली गेली. घरी न सांगता आलेल्या मुलींना ही खबरदारी किती लागते, हे आयोजकांना ठाऊक असावे.

चित्रपटानंतरची चर्चा मात्र भरकटली. समलैंगिक संबंध गुन्हा नसल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा ६ सप्टेंबर २०१८ चा कलम ३७७ वरील निकाल आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये समलैंगिक विवाहाच्या मान्यतेला मिळालेला नकार यांवर अर्धा तास गेला. दोन्ही विषय महत्त्वाचे आहेत, पण ती उलटी धावणारी गाडी कोणालाच आठवली नाही. सूत्रसंचालकाने निदान पहिली दहा मिनिटे पडद्यावर दिसलेल्या गोष्टींसाठी राखून ठेवावीत.

स्थानकापासून चालत जाण्याजोगे अंतर आहे. गोखले रोडवर गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून वाहन घरीच ठेवलेले बरे. पुढच्या खेळाला जाणाऱ्यांनी वीस मिनिटे आधी पोहोचून पहिल्या दोन रांगांतली खुर्ची धरावी.