इन्स्टाग्रामचं कोलॅब: पोस्ट दोघांची, ताबा एकाचा

इन्स्टाग्रामने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोलॅब आणलं. त्याआधी दोन क्रिएटरनी मिळून रील केलं की पहिला वाद ठरलेला: टाकायचं कुणाच्या खात्यावर? एकाने टाकायचं आणि दुसऱ्याने स्टोरीला लावायचं, नाहीतर दोघांनी तेच रील वेगवेगळं टाकून व्ह्यूज आणि कमेंट विभागून घ्यायच्या. कोलॅबने हा घोळ मिटवला. पोस्ट एकच असते, पण ती दोन्ही प्रोफाइलवर दिसते, दोघांच्या फॉलोअर्सपर्यंत जाते आणि लाइक, कमेंट, व्ह्यूज सगळे एकाच जागी जमतात. सोशल मीडियाच्या कामात नव्याने उतरलेल्याला ओळखी करून घ्यायला याहून चांगलं फुकटचं साधन नाही, कारण यात ओळख कामातून होते. पाचपैकी चार गुण. एक गुण कापला तो ताब्याच्या प्रश्नासाठी. त्याबद्दल नीट बोलायला हवं, कारण मैत्र्या तिथेच तुटतात.

आधी वापरायचं कसं ते. रील किंवा फोटो निवडून, एडिट करून शेवटच्या पानावर आलात की 'टॅग पीपल' उघडा, त्यात 'इन्व्हाइट कोलॅबोरेटर्स' आहे. तिथे समोरच्याचं खातं शोधून निवडा आणि पोस्ट करा. ऑगस्ट २०२३ पासून तीनजणांना बोलावता येऊ लागलं, आता पाचजणांपर्यंत येतं. साध्या पोस्टला, अनेक फोटोंच्या पोस्टला आणि रीलला हे चालतं. टॅग आणि कोलॅब यांची गल्लत करू नका. टॅग केल्याने समोरच्याचं नाव पोस्टमध्ये दिसतं, पण पोस्ट त्याच्या प्रोफाइलच्या मुख्य ग्रिडवर, म्हणजे पोस्टच्या चौकटींत, जात नाही आणि त्याच्या फॉलोअर्सनाही आपोआप दिसत नाही. रीमिक्स, म्हणजे दुसऱ्याच्या रीलला आपला व्हिडिओ जोडणं, त्याहून वेगळं. तिथे मूळ रीलवाल्याने सेटिंग चालू ठेवलं असेल तर दर वेळी त्याला विचारावं लागत नाही. कोलॅबला मात्र समोरच्याचा होकार लागतोच, आणि मैत्रीच्या दृष्टीने हीच त्याची सगळ्यात चांगली बाजू आहे.

होकाराची वेळ फार महत्त्वाची. निमंत्रण पोस्ट झाल्यावरच पोहोचतं. समोरचा 'ॲक्सेप्ट' करेपर्यंत पोस्ट फक्त तुमच्या खात्यावर असते. संध्याकाळी सातला रील टाकलं आणि जोडीदाराने रात्री साडेअकराला फोन बघितला, तर तेवढा वेळ त्याचे फॉलोअर्स रीलपासून लांबच राहिले. म्हणून वेळ आदल्या दिवशी ठरवा आणि पोस्ट करण्याआधी पाच मिनिटं फोन करा. व्हॉट्सॲपवर 'टाकतोय' एवढं लिहून भागत नाही. निमंत्रण नोटिफिकेशन्सच्या गर्दीत हरवतं, विशेषतः ज्याला दिवसाला शंभरेक मेसेज येतात त्याच्याकडे. त्याला पोस्टची लिंक पाठवा. पोस्ट उघडली की होकाराचा पर्याय तिथेच समोर दिसतो.

आता ताबा. ज्याने पोस्ट केली, तोच मालक. कॅप्शन तोच बदलतो, कमेंट बंद तोच करतो, पोस्ट अर्काइव्ह किंवा डिलीट करण्याचा हक्कही त्याचाच. त्याने डिलीट केली की दोन्ही प्रोफाइलवरून जाते, व्ह्यूज आणि कमेंटसकट. त्याने खातं बंद केलं तरी तेच. दुसऱ्याच्या हातात एकच गोष्ट उरते: 'स्टॉप शेअरिंग' दाबून स्वतः बाहेर पडणं. जमीन दोघांनी कसली आणि सातबारा एकाच्या नावावर, असा हा प्रकार आहे. इन्स्टाग्रामला इथे सहज सुधारणा करता आली असती. डिलीट करताना दुसऱ्याला निदान चोवीस तास आधी सूचना गेली असती, तरी पुष्कळ भांडणं टळली असती.

तोवर उपाय आपणच करायचे. पहिला, कुणाच्या खात्यावरून टाकायचं ते शूटच्या आधी ठरवा. फॉलोअर्स जास्त असलेल्याकडूनच टाकायचं, असा एक प्रघात पडला आहे. तो चुकीचा वाटतो, कारण होकार आल्यावर रील दोघांच्याही फॉलोअर्सपर्यंत जातंच. विषय ज्याचा असेल त्याच्या खात्यावरून टाकावं. कोल्हापूरच्या मिसळीवरचं रील खाण्यावर लिहिणाऱ्याने टाकावं, सोबत आलेल्या ट्रॅव्हलवाल्याने नव्हे, कारण वर्षभराने कुणी मिसळ शोधत आलं तर त्या लिहिणाऱ्याच्या प्रोफाइलवर त्याला आणखी दहा ठिकाणं सापडतील. दोन रील करणार असाल तर एक एकाकडून, दुसरं दुसऱ्याकडून. हे सगळ्यात न्याय्य आणि सोपं. दुसरा उपाय, कच्चं फुटेज आणि अंतिम फाइल दोघांकडेही असू द्या. तिसरा, आठव्या दिवशी टाकणाऱ्याने इनसाइट्सचे, म्हणजे पोस्टच्या आकडेवारीचे, स्क्रीनशॉट न मागता पाठवावेत: रीच (किती जणांपर्यंत पोहोचलं), शेअर, सेव्ह आणि फॉलोअर नसलेल्यांचं प्रमाण. पुढच्या ब्रँडपुढे मांडायला दुसऱ्यालाही हे आकडे लागतात. जो माणूस हे आपणहून पाठवतो, त्याच्याबरोबर लोक पुन्हा काम करतात.

पहिला मेसेज कसा लिहावा, यातही पुष्कळ चुका दिसतात. 'हाय, कोलॅब करूया का?' याला उत्तर येत नाही, कारण समोरच्याला विचार करायचं सगळं काम तुम्ही त्याच्यावर टाकलेलं असतं. त्याऐवजी चार ओळी पुरतात: कल्पना एका वाक्यात, शूट कुठे आणि किती तासांचं, एडिट कोण करणार, रील कुणाच्या खात्यावर जाणार. 'तुमचं काम खूप आवडतं' असं मोघम लिहिण्यापेक्षा त्याच्या एखाद्या रीलमधली नेमकी गोष्ट सांगा. कट, आवाज, प्रश्न विचारायची पद्धत, जे खरंच आवडलं असेल ते. त्याआधी महिनाभर त्याच्या पोस्टवर विचार करून लिहिलेल्या कमेंट केल्या असतील तर नाव ओळखीचं झालेलं असतं. वयाने किंवा कामाने मोठ्या माणसाला पहिल्याच मेसेजात 'भाई' किंवा 'ब्रो' म्हणू नका. 'तुम्ही'ने सुरुवात करा, पुढे तेच म्हणतील अरे-तुरे कर म्हणून. फॉलोअर्स आपल्याएवढेच असलेल्या माणसापासून सुरुवात केलेली बरी. दोघांचीही गरज सारखी असते, कुणावर उपकार होत नाहीत आणि ओळख टिकते.

शूटच्या दिवशी गडबड होते ती दोन वेगळ्या फोनमुळे. एकाकडे आयफोन, दुसऱ्याकडे अँड्रॉइड. आयफोन १२ आणि पुढच्या मॉडेलवर व्हिडिओ मुळातच एचडीआरमध्ये, म्हणजे जास्त उजळ आणि ठळक, होतो. तो साध्या फुटेजशेजारी ठेवला की एक चेहरा भगभगीत आणि दुसरा फिकट दिसतो, आणि मग एडिट करणाऱ्याची रात्र रंग जुळवण्यात जाते. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग रेकॉर्ड व्हिडिओ, तिथे एचडीआर बंद करा. दोन्ही फोन एकाच फ्रेम रेटवर (सेकंदाला किती चित्रं) हवेत. एक ३० वर आणि एक ६० वर असेल तर हालचाल जुळत नाही. घरात किंवा हॉटेलात शूट करताना दिव्यांचे पट्टे सरकताना दिसतात, त्याचं कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने ठरवता येतं) शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की पट्टे जातात. आयफोनवर पॅल फॉरमॅट (५० हर्ट्झच्या विजेला जुळणारा व्हिडिओचा प्रकार) चालू करून २५ फ्रेमवर घेतलं तरी फरक पडतो, मात्र मग दुसरा फोनही २५ वरच हवा.

आवाजासाठी दोन ट्रान्समीटरचा वायरलेस माइक घ्या, प्रत्येकाला एक. सर्वात मोठ्या आवाजाला पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. सुरुवातीला दोन्ही कॅमेऱ्यांना दिसेल अशी एक टाळी वाजवा, म्हणजे टाइमलाइनवर दोन्ही क्लिप जुळवायला वेळ लागत नाही. फुटेज व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तिथे ते दाबलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा गूगल ड्राइव्हवर टाका. एकत्र बसलेले असाल आणि दोघांकडेही अँड्रॉइड असेल तर क्विक शेअर, दोघांकडेही आयफोन असेल तर एअरड्रॉप सगळ्यात जलद.

कव्हरकडे, म्हणजे ग्रिडवर दिसणाऱ्या रीलच्या चित्राकडे, मराठी क्रिएटरनी जास्त लक्ष द्यायला हवं. रील १०८० बाय १९२० पिक्सेलचं असतं, पण जानेवारी २०२५ पासून प्रोफाइलचं ग्रिड चौकोनी राहिलेलं नाही, ३:४ झालं आहे. म्हणजे वरचे आणि खालचे २४०-२४० पिक्सेल ग्रिडवर कापले जातात. देवनागरी मथळा अगदी त्या रेषेला टेकवला की शिरोरेषेवरची वेलांटी, मात्रा आणि रफार उडतात. 'शिर्डी'तला रफार गेला तर उरतं ते 'शिडी'. मथळा मधल्या १०८० बाय १४४० च्या पट्ट्यात आणि कडेपासून आत ठेवा. प्रत्यक्ष रीलमध्ये खालच्या साधारण ३५ टक्के आणि वरच्या १४ टक्के भागात सबटायटल टाकू नका. खाली नावं, कॅप्शन आणि बटणं येतात, आणि कोलॅबमध्ये नावं दोन असल्याने ती ओळ आणखी लांबते. कव्हर दोघांच्याही ग्रिडवर बसणार आहे, तेव्हा टाकण्याआधी जोडीदाराला दाखवा. त्याच्या ग्रिडचा रंग आणि फॉन्ट वेगळा असू शकतो.

ब्रँड मध्ये आला की नियम बदलतात. वर दोन नावं दिसली म्हणजे जाहिरात असल्याचं जाहीर झालं, असं होत नाही. पैसे, वस्तू, मुक्काम, जेवण यांतलं काहीही मिळालं असेल तर 'पेड पार्टनरशिप' लेबल वेगळं लावावं लागतं. ॲस्की या जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमन संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत जाहिरातीची सूचना किमान ३ सेकंद दिसायला हवी, १५ सेकंद ते २ मिनिटांच्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ, आणि त्याहून मोठ्यात ब्रँडबद्दलचा भाग चालू असेपर्यंत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या सूचनेत म्हटलं आहे की हा खुलासा ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत हवा. म्हणजे मराठी रीलवर सरळ 'जाहिरात' असं ठळक लिहा. ते हॅशटॅगच्या गर्दीत लपवू नका.

ब्रँडच्या खात्याशी कोलॅब करताना गाण्याचा प्रश्न येतो. बिझनेस खात्याला लायब्ररीतली चित्रपटगीतं वापरता येत नाहीत, कारण तो परवाना व्यावसायिक वापरासाठी नसतो. तुमच्या क्रिएटर खात्यावर गाणं दिसतं म्हणून ते ब्रँडच्या कामाला चालेल असं समजू नका. स्वतःचा आवाज किंवा मेटाच्या साउंड कलेक्शनमधलं संगीत घ्या. शिवाय ब्रँडचं खातं बहुधा एजन्सीतला एखादा मुलगा किंवा मुलगी सांभाळते. होकार देणारी व्यक्ती तीच. तिचं नाव विचारून घ्या आणि काम झाल्यावर दोन ओळींचा आभाराचा मेसेज करा. एजन्सीतली माणसं दर दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलतात आणि ओळखीच्या क्रिएटरची यादी सोबत नेतात. या क्षेत्रातल्या खऱ्या मैत्र्या पुष्कळदा याच बाजूने जुळतात, आणि फॉलोअर्सच्या आकड्यावर अवलंबून नसल्यामुळे त्या टिकतातही.

दोघांना मिळून एकच वस्तू मिळाली, समजा एक फोन, तर ती कुणाच्या नावावर ते ब्रँडला लेखी कळवा. एका आर्थिक वर्षात एका देणाऱ्याकडून मिळालेल्या लाभाचं मूल्य २०,००० रुपयांच्या वर गेलं की १० टक्के टीडीएसचा नियम १ जुलै २०२२ पासून लागू आहे. अगदी छोट्या व्यवसायांना त्यातून सूट आहे. वस्तू वापरून परत केली तर ती लाभात धरत नाहीत. नाव ज्याचं, कर त्याच्या खात्यावर. त्यामुळे वस्तू एकाने ठेवायची आणि कर दुसऱ्याने भरायचा, असं होऊ देऊ नका. रक्कम वाटून घेणार असाल तर दोघांनी आपापल्या वाट्याचं वेगळं बिल द्यावं.

तीन-चार जणांचं कोलॅब जपून करा. वर नावं दोन असली तर लोक दोन्ही वाचतात. त्याहून जास्त झाली की पहिलं नाव दिसतं आणि बाकीचे 'आणखी इतक्या जणां'मध्ये जातात. मग राबलेल्याला श्रेय मिळत नाही. अशा वेळी कॅप्शनच्या पहिल्या ओळीतच कुणी काय केलं ते लिहा: कॅमेरा कुणाचा, एडिट कुणाचं, लेखन कुणाचं. फीडमध्ये कॅप्शनचा सुरुवातीचा थोडाच भाग दिसतो, म्हणून हे तळाला ढकलू नका. आणि कुणाला पुढे बाहेर पडायचं असेल तर त्याने 'स्टॉप शेअरिंग' दाबण्याआधी एक फोन करावा. इन्स्टाग्राम कारण विचारत नाही, पण जोडीदाराला ते कळायला हवं.