रंग लागण्याआधी फ्रेम बघायला हवी होती

आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्या काकांनी सीट पोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, ओढून बाहेर काढली, तिच्यावरचं ग्रीस फडक्याने पुसलं आणि खालच्या टोकाला कोरलेला आकडा मला दाखवला. 25.4. मग ही दांडी फ्रेमच्या ज्या नळीत बसते, त्या सीटच्या नळीवर त्यांनी व्हर्नियर कॅलिपर बाहेरून लावला. 28.6 मिलिमीटर. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, ही फ्रेम तुम्ही क्रोमोलीची म्हणून घेतलीत ना? कितीला पडली?"

क्रोमोली म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं मजबूत पोलाद. मी आकडा सांगितला. 92 हजार. काकांनी सायकल स्टँडवरून खाली उतरवली आणि मला बसायला स्टूल दिलं.

ही गोष्ट मार्च 2025 ची. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं, पण हात उचलत नव्हता. आता लिहिते आहे, कारण ही सायकल ज्याने करून दिली त्या माणसाचा नंबर मी स्वतः आणखी दोघींना दिला होता.

मी पुण्यात शिकवते. वय 47, उंची 148 सेंटिमीटर. उंची मुद्दाम सांगते आहे, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. कमी उंचीच्या बाईने दुकानात जाऊन चांगली रोड सायकल मागून बघावी. सगळ्यात लहान म्हणून जी फ्रेम पुढे येते तिच्यावरही हँडल लांब पडतं, मान आखडते, तासाभरात करंगळीला मुंग्या येतात. पुढचं चाक 700सीचं, म्हणजे 622 मिलिमीटर रिमचं असतं. एवढं मोठं चाक लहान फ्रेममध्ये बसवलं की वळताना बुटाचं टोक चाकाला लागतं. अमेरिकेत जॉर्जिना टेरी यांनी 1985 मध्ये बायकांसाठी सायकली बनवायला सुरुवात केली, तेव्हा पुढचं चाक लहान, 24 इंची घेऊन त्यांनी यावर तोडगा काढला होता. ते वाचल्यापासून आपल्या मापाची सायकल करून घ्यायची, हे माझ्या डोक्यात बसलं. पुढे 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, करायची होती. तिला साडेतेरा तास मिळतात. मनाची तयारी होती, पण दुखऱ्या मानेने तेवढा वेळ काढणं शक्य नव्हतं.

जून 2024 मध्ये एका सायकलस्वाराकडून या कारागिराचं नाव कळलं. शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत एक शेड, भिंतीवर टांगलेल्या तीनचार फ्रेम, एक व्हाइस, गॅसच्या टाक्या. माणूस बोलायला अतिशय नम्र. त्याने माझी मापं शिंप्यासारखी एकेक करून घेतली. भिंतीला पाठ लावून उभं केलं, मांड्यांमध्ये जाड वही धरायला लावून जमिनीपासून उंची मोजली. 68 सेंटिमीटर भरली. तिला 0.883 ने गुणून म्हणाला, "मॅडम, तुमची सीट बीबीच्या मध्यापासून 60 सेंटिमीटरवर येणार." बीबी म्हणजे पेडलांचा आस जिथे फिरतो तो फ्रेमचा खालचा भाग. दंडाची लांबी, धड, खांद्यांची रुंदी, सगळं लिहून घेतलं. चाकं 650बीची, म्हणजे 584 मिलिमीटरची, क्रँक, म्हणजे पेडल जिला लागतं ती दांडी, 160 मिलिमीटरचा, वरची नळी आडव्या मापाने 490. आजवर कोणत्याही सायकलच्या दुकानात मला कोणी इतक्या आदराने मोजलं नव्हतं. मला तिथेच विश्वास बसला. तोही खूश दिसला. आज वाटतं, त्याचं खरं काम त्या दिवशीच पूर्ण झालं होतं.

फ्रेम 4130 क्रोमोलीची, आतून जाडी बदलत जाणाऱ्या, म्हणजे बटेड नळ्यांची ठरली. या नळ्यांचं तत्त्व जुनं आहे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्सने 1897 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. जोड जिथे येतो तिथे नळीची भिंत जाड ठेवायची आणि मधे पातळ करायची. बाहेरून व्यास तोच, म्हणून डोळ्यांना फरक दिसत नाही. साधं हाय-टेन पोलाद आणि क्रोमोली यांची घनता जवळपास सारखी असते, दोन्हींना चुंबक चिकटतो, दोन्हींवर रंग तसाच बसतो. क्रोमोली जास्त मजबूत, म्हणून तिची भिंत पातळ ठेवता येते आणि वजन वाचतं. हे सगळं मला आज येतं. तेव्हा त्याने नळीवरचं स्टिकर दाखवलं आणि मी मान डोलावली. स्टिकर कुठेही छापून मिळतं.

ब्लाउज शिवायला टाकताना कापड आपलं असतं. आपण ते हातात धरून, उजेडात बघून शिंप्याकडे देतो. इथे कापडही त्याचंच होतं आणि ते मी कधीच पाहिलं नाही. माझी फसवणूक नेमकी याच फटीत झाली.

पैशांचं सांगते. 46 हजार आगाऊ दिले. ऑगस्टमध्ये "नळ्या आल्या, सोडवून घ्यायच्यात" म्हणून 30 हजार. उरलेले 16 हजार सायकल ताब्यात घेताना. पावती मागितली तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, बिल केलं तर 12 टक्के जीएसटी लागणार. तुमचेच 11 हजार जातील." सायकलींवर तेव्हा खरोखरच 12 टक्के होता. मला ते माझ्या फायद्याचं वाटलं. पैसे यूपीआयने गेले आणि ज्या खात्यात गेले ते त्याच्या नावाचं नव्हतं. "भावाचं आहे" म्हणाला. मापांचा कागद होता, पण त्यावर सही नाही, तारीख नाही, नळीचं नाव नाही. त्या 11 हजारांच्या मोहात मी एकमेव पक्का पुरावा हातचा घालवला, आणि याबद्दल माझा स्वतःवरचा राग अजून गेलेला नाही.

सप्टेंबरमध्ये त्याने एक फोटो पाठवला. जिगवर, म्हणजे नळ्या जोडताना जागेवर धरणाऱ्या साच्यावर, बसवलेली कच्ची फ्रेम, जोडांवर ब्रेझिंगचं, म्हणजे नळ्या जोडायला वितळवलेलं, पिवळं पितळ चमकतंय, व्हाइसवर एक निळं फडकं टाकलेलं. मी तो फोटो घरी सगळ्यांना दाखवला. आईलासुद्धा. मग विचारलं, "रंग देण्याआधी येऊन बघू का?" तो म्हणाला, "या की." शनिवारी निघणार तर सकाळी फोन आला, वीज नाही. पुढच्या आठवड्यात त्याच्या घरी कोणी आजारी. त्याच्या पुढच्या आठवड्यात फ्रेम पावडर कोटिंगला गेलेली. "आता एकदम तयारच बघा, मॅडम."

फ्रेम करून घेणाऱ्या प्रत्येकाने हे तीन आठवडे लक्षात ठेवावेत. कच्च्या फ्रेमवर सगळं दिसतं. जोड ताजा आहे की जुना, ब्रेझिंग कसं झालंय, नळीत बोट घातलं तर आतली कड किती जाड आहे. एकदा रंग चढला की उरतो तो फक्त बोलणाऱ्याचा शब्द. खरा कारागीर कच्ची फ्रेम स्वतः बोलावून दाखवतो, कारण त्याचं कौशल्य तिथेच असतं आणि रंगाखाली ते झाकलं जातं. जो दाखवायला टाळतो त्याला पुढचा हप्ता देऊ नका. वीज नसली तरी उजेड असतो.

सायकल जानेवारी 2025 मध्ये मिळाली. गडद हिरवी, हँडलला तपकिरी टेप, वरच्या नळीवर माझं नाव. खरं सांगते, डोळे भरून आले. पहिल्या आठवड्यात मान दुखली तेव्हा वाटलं, सवय नाही. बोपदेव घाटात सायकल जड वाटली तेव्हा वाटलं, आपलाच दम कमी पडतोय. महिनाभराने सोसायटीच्या गेटशी वळताना पेडल गतिरोधकाला घासलं आणि मी पडले. कोपर फुटलं. त्याला फोन केला. म्हणाला, "वळताना आतलं पेडल वर ठेवायचं असतं, मॅडम." मी ते सुद्धा ऐकून घेतलं.

काकांकडे गेले ती सीट पोस्ट कुरकुरत होती म्हणून. त्यांनी जे दाखवलं ते सोपं गणित आहे. नळी बाहेरून 28.6 असून तिच्यात 27.2 ची पोस्ट बसत असेल तर भिंत साधारण 0.7 मिलिमीटरची असते. तीच चांगली पातळ नळी. तिथे 25.4 ची पोस्ट असेल आणि मधे बुश, म्हणजे जागा भरून काढणारी छोटी नळी, नसेल, तर भिंत दुपटीहून जाड, दीड मिलिमीटरच्या घरात. काकांनी टॉर्च मारून बघितलं, बुश नव्हता. मग क्रँकच्या आतल्या बाजूचा आकडा वाचायला सांगितला. 170. मला 160 सांगितला होता. वरची नळी मोजली तर 525 भरली. ठरल्यापेक्षा साडेतीन सेंटिमीटर लांब. माझी मान उगाच दुखत नव्हती.

सायकल उलटी केली. बीबीच्या खाली, जिथे कारखान्यातला क्रमांक ठोकलेला असतो, तिथे ग्राइंडर फिरवल्याची चकती होती. रंग तिच्यावरून गेला होता, तरी दोन आकडे अर्धवट वाचता येत होते. काकांनी माझी परवानगी घेऊन कडेला पातळ खरडलं. हिरव्याखाली लाल निघाला.

मग उलगडलं. ती 700सी चाकांची, तयार हायब्रिड सायकलची सगळ्यात लहान फ्रेम होती. डिस्क ब्रेक असले की रोटर, म्हणजे ब्रेक जिच्यावर दाबतो ती चकती, चाकाच्या मधल्या हबवर असतो, त्यामुळे लहान रिमचं चाकही चालून जातं. रिमवर दाबणारे ब्रेक असते तर ते 19 मिलिमीटर खाली पोचलेच नसते आणि लबाडी पहिल्याच दिवशी उघडी पडली असती. लहान चाकं घातल्याने सगळी सायकल जवळजवळ दोन सेंटिमीटर खाली बसली, त्यात क्रँक लांब. पेडल घासणारच होतं. मी ते घाटात उतारावर वळताना घासलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार केला की अजून हात गार पडतात. पैशांचं दुःख आहेच. पण या माणसाने माझी उंची, माझी मापं वहीत लिहून घेतली आणि मग जाणूनबुजून मला धोकादायक सायकलवर बसवलं, ते मी विसरू शकत नाही.

काकांनी फ्रेम सुटी करून काट्यावर ठेवली. 3 किलो 100 ग्रॅम. मला 2 किलोच्या आत सांगितली होती. काटा कुठल्याही किराणा दुकानात असतो. ताबा घेताना मी फक्त वजन विचारलं असतं तरी पुरलं असतं.

त्याला विचारलं तेव्हा पहिलं उत्तर आलं, "कस्टम म्हणजे तुमच्या मापाने जोडून दिली, फ्रेम बनवतो असं कधी म्हटलं?" दुसऱ्या दिवसापासून फोन उचलेना. तेव्हा कुठे मी तो सप्टेंबरचा फोटो इंटरनेटवर शोधायला टाकला. तो परदेशातल्या एका कारागिराचा निघाला, कित्येक वर्षांपूर्वीचा. हे शोधायला मला एक मिनिट लागलं.

पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला, पोच घेतली. हा व्यवहारातला वाद आहे, ग्राहक आयोगाकडे जा, असं तोंडी सांगितलं गेलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये फसवणूक हा गुन्हा आहे, त्यामुळे तो अर्ज मी मागे घेतलेला नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर नीट माहिती मिळाली. 2019 च्या कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, समोरच्याच्या गावी खेपा घालाव्या लागत नाहीत. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. आधी रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, ती "पत्त्यावर राहत नाही" असा शेरा घेऊन परत आली. शेड भाड्याची होती. तो लिफाफा मी न फोडता जपून ठेवला आहे, तोही पुरावा आहे. बिल नाही म्हणून खचू नका. यूपीआयच्या नोंदी, बँकेचं स्टेटमेंट आणि निरोपांची देवाणघेवाण यांवर तक्रार उभी राहते. मात्र सायकल दुरुस्त करू नका, रंग बदलू नका. आयोगाला वस्तू तपासणीसाठी पाठवता येते, ती आहे तशी राहायला हवी. माझी तशीच खोलीत उभी आहे, लाल ओरखड्यासकट.

आता त्या दोघींचं. एकीने अजून काही दिलं नव्हतं, ती वाचली. दुसरी माझ्याहून 20 वर्षांनी लहान. माझी हिरवी सायकल बघून फेब्रुवारीत तिने 40 हजार भरले होते. तिला फोन करताना मला शब्द सापडत नव्हते. ती रागावली नाही, त्याचाच जास्त त्रास झाला. मी तिला म्हटलं, त्याला एवढंच कळव की रंगाआधी फ्रेम बघायला येते, आजच. तिने तसं कळवलं.

संध्याकाळी त्याने तिला एक फोटो पाठवला. जिगवर कच्ची फ्रेम, जोडांवर पितळ, व्हाइसवर निळं फडकं.

आमच्या दोघींच्या तक्रारी वेगवेगळ्या आहेत. तो फोटो दोन्हींना जोडला आहे.