स्टील टोचे सेफ्टी शूज: बोटं वाचतात, पण मशीन हलवताना?

चामड्याचं अप्पर, डबल डेन्सिटी पीयू (पॉलीयुरेथेन) सोल, पुढे स्टीलची टोपी. एमआयडीसीत सर्रास दिसणारा हा बूट हातांनी मशीन सरकवण्याच्या कामाला कितपत पुरतो, एवढंच इथे पाहिलं आहे.

आधी शिक्का बघा. आयएसआय मार्कसोबत आयएस १५२९८ (भाग २) हवं. या टोपीची चाचणी २०० ज्यूल आघाताची, म्हणजे साधारण २० किलो वजन एक मीटरवरून पडल्यासारखी, आणि १५ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास दीड टन दाबाची असते. भाग ३ चा बूट दिसायला तसाच, पण १०० ज्यूल आणि १० किलोन्यूटनचा. भाग ४ मध्ये टोपीची अटच नाही. दुकानदार तिन्हींना ‘सेफ्टी’च म्हणतो.

पाना किंवा चक (लेथ मशीनचा, काम पकडून ठेवणारा जड भाग) पडला तर टोपी आपलं काम चोख करते. अडचण तिच्या मागे आहे. पाइपांवर लेथ सरकवताना मागचा मोकळा झालेला पाइप उचलून पुढे घालावा लागतो, आणि नेमका तेव्हा पाय मशीनच्या बेडला लागून असतो. पहार निसटली की मशीन बसतं ते पायाच्या पाठीवर. तिथे नुसतं चामडं. शिफ्टिंग रोजचं असेल तर मेटाटार्सल गार्डचा, म्हणजे पायाच्या पाठीवरही कवच असलेला, ‘एम’ खुणेचा बूटच घ्यावा. जड आहे, चालताना अवघडतो, तरीही.

दीड टनाच्या आकड्यावर विसंबून भरलेल्या पॅलेट ट्रकपुढे (माल हलवायच्या बुटक्या गाडीपुढे) पाय ठेवू नये. चाचणीत दाब सपाट प्लेटने, सावकाश दिला जातो. चाक टोपी ओलांडून मागे उतरू शकतं.

माप उभ्यानं नाही, उकिडवं बसून बघा. टोपीची मागची कड बोटांच्या सांध्यात रुतली, तर दुपारपर्यंत बूट पायातून निघतोच. कंत्राटी हेल्परला गेटवरचा कॉमन जोड देतात, त्यात माप कोण बघतं? पाइप घालायला पुढे मात्र तोच.

पीयू सोल दमट हवेत न वापरताही कुजतो. स्टोअरात काही वर्षं पडलेल्या जोडाचा तळ घातल्यावर थोड्याच दिवसांत भुगा होऊन सुटतो, म्हणून बनवल्याची तारीख पाहूनच घ्या.

जबर मार बसलेला जोड बाद करा, चामडं धड दिसलं तरी. ४१-४२ मापात आघातानंतरही टोपीखाली १४ मिमी जागा उरावी लागते. एकदा चेपलेल्या टोपीत पुढच्या वेळी ती उरेलच असं नाही. ठोकून सरळ केलेली तर मुळीच नको.