व्हिनिअर्स दिसतात भारी, पण आधी हे विचारून घ्या

पुण्यातल्या एका क्लिनिकमधे पुढच्या दातांना पोर्सिलेनचे व्हिनिअर्स (दातावर चिकटवायची पातळ कवचं) बसवले, फिनिशिंग एकदम सुंदर, शेड पण नॅचरल, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यासाठी इनॅमल (दाताचा वरचा कडक थर) साधारण 0.3 ते 0.7 मिमी घासतात आणि ते परत कधीच येत नाही, म्हणजे एकदा केलं की जन्मभर दातावर काहीतरी कव्हर लागणारच, हे मशीन लावायच्या आधी पेशंटला सांगायला नको का? इथे कोणी सांगितलं नाही, राग त्याचाच आहे. गार ताक प्यायलं की अजून कळ जाते. चिक्की, ऊस बंद. व्हिनिअरचा टवका उडाला तर बहुतेक वेळा अख्खा नवीन बसवावा लागतो, नाहीतरी 10-15 वर्षांनी बदलायचाच, खर्च पुन्हा आपलाच. झोपेत दात खात असाल तर नाइट गार्डचं (रात्री दातांवर घालायचं कव्हर) आधी बोला. आणि दात नुसते पिवळे असतील तर पहिले ब्लीचिंगचं विचारा.