नो मॅन्स स्काय की सायबरपंक: माफ करायचं तर कोणाला?

लाँचला तोंडावर आपटलेला आणि पुढे सावरलेला गेम आता घ्यावा का, असं विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा दोनच नावं असतात. हेलो गेम्सचा ‘नो मॅन्स स्काय’, म्हणजे ग्रहाग्रहांवर भटकण्याचा गेम, आणि सीडी प्रोजेक्ट रेडचा ‘सायबरपंक २०७७’, म्हणजे भविष्यातल्या एका मोठ्या शहरात घडणारी गोष्ट. मी दोन्ही पीसीवर खेळलो आणि दोन्ही सावरल्यानंतरच घेतले. पहिला २०१८च्या ‘नेक्स्ट’ अपडेटनंतर, दुसरा २.० हा मोठा अपडेट आल्यावर. आज दोन्ही छान चालतात, त्यामुळे गेम चांगला आहे का हा वाद आता फारसा उरलेला नाही. पैसे काढण्याआधी माझं अडत होतं ते वेगळ्याच ठिकाणी: कंपनीला माफ करायचं का?

नो मॅन्स स्काय ऑगस्ट २०१६मध्ये आला तेव्हा जे कबूल केलं होतं त्यातलं बरंच काही त्यात नव्हतं. दुसरे खेळाडू वाटेत भेटू शकतील, असं हेलो गेम्सचे प्रमुख शॉन मरे मुलाखतींमधून सांगत आले होते. लाँचच्या दिवशीच दोघे खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर, एकाच जागी जाऊन उभे राहिले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. त्यानंतर कंपनीने कित्येक आठवडे तोंड उघडलं नाही. लोकांचा राग त्या मौनाने जास्त भडकला. तक्रारी ब्रिटनच्या जाहिरात नियामकापर्यंत गेल्या. तिथून कंपनी सुटली, पण तोवर नाव खराब झालं होतं.

सायबरपंकची तारीख तीनदा पुढे गेली आणि गेम १० डिसेंबर २०२०ला आला. पीसीवर बग होते, तरी खेळता येत होतं. पीएस४ (प्लेस्टेशन ४) आणि एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलवर मात्र अवस्था वाईट होती, आणि लाँचआधी समीक्षकांना फक्त पीसीची प्रत मिळाली होती. जुन्या कन्सोलवर गेम आश्चर्य वाटावं इतका चांगला चालतो, असं कंपनीने नोव्हेंबरमध्ये गुंतवणूकदारांना सांगितलं होतं. लाँचनंतर आठवडाभरात सोनीने तो आपल्या स्टोअरमधून काढला. परत आला तो जून २०२१मध्ये.

पश्चात्तापाच्या बाबतीत सीडी प्रोजेक्ट उजवी ठरते, हे मान्य करायला हवं. त्यांनी लगेच माफी मागितली, पैसे परत देऊ केले, जानेवारी २०२१मध्ये सहसंस्थापकाने व्हिडिओवर येऊन जबाबदारी घेतली. पुढचं कामही मनापासून केलं. २.०मध्ये पोलिसांची व्यवस्था आणि कौशल्यांची रचना नव्याने बांधली, तीही फुकट. ‘फँटम लिबर्टी’ या जोडभागासाठी वेगळे पैसे लागतात, पण त्यातली डॉगटाउन नावाच्या वस्तीची गोष्ट मला मूळ कथेपेक्षा सरस वाटली. ते पैसे मी आनंदाने दिले. नुसत्या गोष्टीसाठी खेळणाऱ्याला नो मॅन्स स्काय तेवढं देऊ शकणार नाही, असं माझं मत आहे.

तरीही माझा काटा दुसरीकडे झुकला, आणि त्याला कारण एकच.

माफ करण्याचा हक्क माझ्यासारख्या उशिरा आलेल्याचा नाहीच. तो पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजणाऱ्याचा. मग बघायचं ते एवढंच की दुरुस्ती त्या माणसापर्यंत पोहोचली का. सायबरपंकमध्ये सगळ्यात जास्त पोळला तो पीएस४वाला. त्याच्या मशीनवर गेम सप्टेंबर २०२२च्या १.६ पॅचच्या पुढे गेलाच नाही, एखाददुसरी किरकोळ डागडुजी सोडली तर. २.० नाही, फँटम लिबर्टीही नाही. आज सगळे ज्या सायबरपंकचं कौतुक करतात, तो त्याच्या टीव्हीवर कधी आलाच नाही. नवी आवृत्ती त्या डिस्कवर मोफत मिळते, पण त्यासाठी पीएस५ हवा. आणि भारतात पीएस५ अधिकृतपणे आला तो २ फेब्रुवारी २०२१ला, ४९,९९० रुपयांना. म्हणजे सायबरपंक आला त्या दिवशी आपल्याकडच्या प्लेस्टेशनवाल्यांपुढे पीएस४शिवाय सरळ पर्यायच नव्हता. जुन्या हार्ड डिस्कला एवढं मोठं शहर वेगाने उचलून देणं झेपत नाही, हे तांत्रिक कारण मला पटतं. पण तीच हार्ड डिस्क विक्रीच्या दिवशीही होती ना? मला सर्वात जास्त खुपतं ते हेच.

हेलो गेम्सने बोलून काही सावरलं नाही. ते कामाला लागले. लाँचच्या वेळी ही पंधराएक जणांची टीम होती. नोव्हेंबर २०१६मध्ये ‘फाउंडेशन’ आलं, २०१८मध्ये ‘नेक्स्ट’ने खरं मल्टिप्लेअर, म्हणजे इतरांसोबत खेळणं, आणलं, २०१९मध्ये ‘बियाँड’ने व्हीआर, २०२४मध्ये ‘वर्ल्ड्स’ने ग्रहांचं पाणी आणि आभाळ बदललं. एकाही अपडेटचे पैसे घेतले नाहीत. मुख्य म्हणजे २०१६ची पीएस४ डिस्क ज्याच्याकडे आहे, त्याच्याच पीएस४वर ‘वर्ल्ड्स’ही आलं. ज्याला कमी मिळालं होतं, त्याच्याच हातात बाकीचं ठेवलं गेलं. २०२४च्या अखेरीस स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावरचं खेळाडूंचं एकूण मत ‘व्हेरी पॉझिटिव्ह’ झालं. त्यात जुन्या, चिडलेल्या खेळाडूंनी बदललेली मतंही असावीत असं मला वाटतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर मध्ये बरेच महिने नो मॅन्स स्काय उघडलाच नव्हता. परत गेलो तर जुना सेव्ह उघडला, बांधलेला तळ जागच्या जागी होता आणि भोवतालचा ग्रह कितीतरी देखणा झाला होता. सामान इकडून तिकडे हलवण्याची कटकट अजून आहे, आणि पहिले काही तास कंटाळवाणे वाटू शकतात. सायबरपंक पहिल्या तासातच पकडतो, पण गोष्ट संपल्यावर मी त्यात फारसा परतलो नाही. प्रत्येकाचं असंच होईल असं नाही.

चांगलं ग्राफिक्स कार्ड किंवा पीएस५ असेल आणि एक ठसठशीत गोष्ट हवी असेल, तर सायबरपंक सेलमध्ये फँटम लिबर्टीसकट घ्या. घरात अजून पीएस४च असेल, तर जुन्या डिस्कच्या दुकानात तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. तिथे नो मॅन्स स्कायच. आणि एकाच गेमचे पैसे असतील, मशीन कोणतंही असो, तर मी तरी पुन्हा तोच घेईन. हेलो गेम्सचा पुढचा ‘लाइट नो फायर’ येईल तेव्हा प्री-ऑर्डर मात्र करणार नाही. पहिला आठवडा जाऊ देईन आणि मग बघेन.